अलिप्त माणूस फोन उचलतो

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो, गाव औसा तालुक्यात. दिवाळीच्या तोंडावर सासरे गेले. आम्ही पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून यांनी अग्नी व्हिडिओ कॉलवर पाहिला. मध्येच रेंज गेली आणि स्क्रीन चुलत दिरांच्या अंगठ्यावर अडकली. तेव्हापासून हे पहाटे तासभर ध्यानाला बसतात. म्हणतात, 'दुःख करायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.' एकदाही रडले नाहीत. सासूबाईंचा फोन आला की माझ्याकडे देतात. सात वर्षांची लेक विचारते, आजोबा गेले तर रडायचं नसतं का?

उत्तर : लेकीला सांगा, रडायचं असतं. तिचा प्रश्न सोपा आहे. अवघड आहे ते तुमच्या यजमानांचं. त्या अंगठ्याशी मी बराच वेळ थांबले.

ते म्हणतात ते अगदीच खोटं नाही. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहेच. पण पुढचा शब्द 'तितिक्षस्व' आहे. सोस. आमच्या लातूरला मे महिन्यात ऊन सोसणारा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून रानात जातो. ऊन नाहीच, असं म्हणत माजघरात बसत नाही.

बुद्धांनी हेच बाणाच्या दृष्टांतातून सांगितलं. पहिला बाण शहाण्यालाही लागतो, दुखतो. त्यावर शोक करत अडाणी माणूस दुसराही लावून घेतो. हा दुसरा टळू शकतो, हे मलाही पटतं. यजमानांचा दुसरा बाण मला तरी 'मी पोचलो नाही' हा दिसतो. तो आत तसाच आहे आणि ते म्हणतायत, पहिलाच लागला नाही.

वैराग्याचं नाव घ्यायचं तर आपल्याच मातीतलं घ्या. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. निवृत्तिनाथ त्यांचे थोरले भाऊ आणि गुरूही. आपेगावचं घराणं, नावातच निवृत्ती. पण हिंगोलीकडच्या नरसीच्या नामदेवांनी समाधीचे अभंग लिहिले, त्यात याच निवृत्तिनाथांचा धीर सुटतो, बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा तसा. म्हणून त्यांचं ज्ञान उणं होतं, असं कुणा वारकऱ्याच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही.

अलिप्त माणूस आईचा फोन उचलतो. तिचं रडणं ऐकून आपण वाहून जाऊ, ही भीती त्याला नसते. फोन बायकोच्या हातात देणाऱ्याला ती असते. (हे त्यांना वाचून दाखवू नका. भांडण माझ्यावर येईल, त्याचं काही नाही. पण तुमची संध्याकाळ जाईल.)

ध्यान मोडू नका, त्यांना त्याचा आधार वाटत असेल. 'रडून मोकळे व्हा' असंही म्हणू नका, सांगून कुणी रडत नाही. येळवस, म्हणजे आपल्याकडे रानात साजरी होणारी वेळ अमावस्या, तोंडावर आलीय. वर्षाच्या आत सण नको म्हणून यंदा रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहणार नसेल, तरी तुम्ही तिकडे भज्जी, ती येळवसेची मिसळीची भाजी, करा. त्या दिवशी तुमच्या दुपारी साडेतीनला, म्हणजे इथल्या रात्री आठला, फोन त्यांच्याच हातात द्या आणि एवढंच म्हणा, 'आंबिलीला ताक किती घ्यायचं, आईंना विचारा.' मग ज्वारी पोटऱ्यात आली का, सासऱ्यांची जुनी बॅटरी आता कोण वापरतं, हे आपसूक निघेल. मायलेकांना एवढं पुरतं. निघालंच नाही, तर आठ दिवसांनी पुन्हा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. सहा महिने उलटूनही झोप, काम, घर सगळं विस्कटलेलंच राहिलं, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. इतकं लांबलेल्या, जगणं अडवणाऱ्या दुःखाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत जागा दिली आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलले, तर त्याच दिवशी जा.

आणि तो फोन चालू असताना लेकीला दुसऱ्या खोलीत पाठवू नका.