पहिला भाग संपला, पण गोळी कुणाला लागली?

प्रश्न: मी तीन भागांची रहस्यकादंबरी लिहितेय. कोकणातल्या एका बंदरावरचे तीन खलाशी गायब होतात आणि तपास एका बाई पीएसआयकडे येतो. पहिल्या भागाच्या शेवटी ती रात्री बर्फाच्या कारखान्यात शिरते, लाईट जातात, गोळीचा आवाज येतो, संपलं पुस्तक. चार मैत्रिणींना वाचायला दिलं तर तिघी भडकल्या, एक तर म्हणाली पैसे परत दे, फुकट वाचूनसुद्धा! असा शेवट करूच नये का?
- एक वाचक, सांगली

उत्तर: करा की, खुशाल करा. पण त्या तिघींना आधी विचारा की राग नेमका कशाचा आला, गोळी कुणाला लागली ते कळलं नाही याचा, की एवढं जाडजूड पुस्तक वाचून खलाशांचं काय झालं तेच कळलं नाही याचा? मला तर यातलं दुसरं कारणच खरं वाटतंय.

मासिकातला हप्ता आणि पुस्तक यात आपण गल्लत करतो. थॉमस हार्डीने 'अ पेअर ऑफ ब्ल्यू आइज'मध्ये नायकाला खरोखरच समुद्रकाठच्या कड्यावर लटकवून हप्ता संपवला होता, पण ती कादंबरी १८७२-७३ साली मासिकात येत होती, म्हणजे माणूस महिनाभर लटकला फक्त. आपल्याकडे ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मध्ये यायची, ते तर साप्ताहिक. आठवडाभर जीव टांगणीला लागला तर लोकांना मजाच येते, चर्चा करतात, तर्क लढवतात. पुस्तकाचं तसं नाही हो, तुमचा दुसरा भाग यायला वर्ष लागेल, दोन लागतील, तोवर वाचक पीएसआयचं नावसुद्धा विसरलेला असतो.

मोठ्या लोकांनी केलंय म्हणाल तर केलंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग नोव्हेंबर १९५४ मध्ये आला, त्याच्या शेवटी नायक फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या तावडीत, आणि त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर, तिसरा भाग थेट ऑक्टोबर १९५५ मध्ये. तेव्हाच्या वाचकांचं काय झालं असेल! पण एक लक्षात घ्या, टॉल्किनने ती एकच सलग कादंबरी लिहिली होती, तीन तुकडे प्रकाशकाने केले, कागद महाग होता म्हणून. म्हणजे पुढे काय होणार ते लिहून तयार होतं. याउलट स्टीफन किंगच्या 'डार्क टॉवर'चा तिसरा भाग १९९१ चा, त्यात सगळी मंडळी एका वेड्या, बोलणाऱ्या ट्रेनमध्ये अडकतात, तिला कोडी घालून जीव वाचवायचा अशी पैज लागते आणि पुस्तक खलास. चौथा भाग आला १९९७ मध्ये. सहा वर्षं लोक त्या ट्रेनमध्ये! किंग होता म्हणून खपलं, तुमच्या-माझ्यासाठी कोण थांबतंय.

आता तुमच्या कादंबरीचं बोलू. पहिल्या पानावर तुम्ही वाचकाला विचारलंत की खलाशी कुठे गेले. त्याचं उत्तर याच भागात द्या, पूर्ण द्या, हात आखडता घेऊ नका. त्यांना कुणी मारलं, कसं मारलं, बर्फाच्या कारखान्याचा संबंध काय, सगळं उलगडू दे. मग त्या उत्तरातूनच नवीन प्रश्न काढा, म्हणजे मारणारा सापडला पण ज्याने मारायला लावलं तो तिच्याच पोलीस ठाण्यातला निघाला, असं काहीतरी. इथे पुस्तक संपवलंत तर वाचक चरफडेल, पण फसवलं म्हणणार नाही. गोळी ठेवायचीच असेल तर ती सुटू दे आणि लागलेलीही दिसू दे, पुढचा भाग तिच्या परिणामावर उभा करा ना. अंधारात नुसता आवाज काढून पळ काढणं ही स्वस्तातली युक्ती आहे, त्यातून दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर तो टायर फुटल्याचा आवाज निघाला तर मीही तुमच्या मैत्रिणीसारखेच पैसे परत मागेन.

आणि दुसऱ्या भागाचा निदान कच्चा खर्डा झाल्याशिवाय पहिला प्रकाशकाकडे देऊ नका. गोळी कुणी झाडली हे तुम्हालाच ठरवता आलं नसेल तर ते वाचकाला कळतं, कसं कळतं कुणास ठाऊक पण कळतं. कव्हरवर 'भाग पहिला' ठळक छापायला सांगा, प्रकाशक नको म्हणेल, अर्धवट गोष्ट कोण घेणार म्हणेल, तरी सांगा.

प्रश्न: सगळे भाग आल्याशिवाय मी कुठलीच मालिका वाचायला घेत नाही. मुलगी म्हणते बाबा, तुमच्यासारख्यांमुळेच लेखक उपाशी राहतात. खरंय का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर: अर्धं खरंय. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट लोक अजून बघतायत, तेव्हा तुमची धास्ती काही उगाच नाही. पण मार्टिनचं नाव झालेलं आहे. नवख्या लेखकाचा पहिला भाग गोदामात पडून राहिला तर प्रकाशक दुसरा काढतच नाही, मग तुम्ही ज्या पूर्ण सेटची वाट बघताय तो येणार कुठून? पहिला भाग विकत घेऊन ठेवा, वाचा केव्हाही. मुलीने त्याआधी वाचून शेवट सांगून टाकला तर ती तक्रार आमच्याकडे आणू नका.