३ टक्के कॅल्शियम आणि मिठाचं पाणी

हाडासाठी विरघळणारा स्क्रू हा तुझा प्रोजेक्ट. मॅग्नेशियममध्ये ३ टक्के कॅल्शियम घातलंस, तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवलेस, दोन दिवसांत भुगा. आता विचारतोस, जस्त घालू का? थांब की. आधी नको ते काय आत गेलंय ते शोध.

बेळगावच्या उद्यमबागेत मी बरीच वर्षं एसजी आयर्न (गोलसर ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) ओतलंय. तिथं लोखंडात मॅग्नेशियम जातं, लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि काम फत्ते. तुझं बरोबर उलटं. मॅग्नेशियममध्ये लोखंड साधारण ०.०१७ टक्क्याच्या वर गेलं की त्याचा प्रत्येक कण बारीक बॅटरीसारखा वागतो आणि शेजारचा धातू खाऊन टाकतो. निकेल त्याहून वाईट. स्टेनलेसमध्ये दोन्ही असतात, म्हणून स्टेनलेसच्या भांड्यात वितळवलं असशील तर घोळ तिथंच. शिवाय ज्या एमरी पेपरवर वर्कशॉपमधलं लोखंड घासलं, त्याच्यावरच तुझे तुकडेही घासलेस ना? खरं सांग.

ही चूक जुनीच. १९०७ मध्ये बेल्जियमच्या लॅम्बोट यांनी मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टी गेली, कातडीखाली गॅस साठला.

कॅल्शियम १ टक्क्याच्या आतच ठेव. जास्तीचं कॅल्शियम धातूच्या बारीक दाण्यांच्या कडेला वेगळं संयुग होऊन बसतं, ते आधी झिजतं आणि दाणे सुटे होतात. नुसतं ओतून सोडू नकोस, एक्स्ट्रूजन करून घे, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढ. दाणा बारीक झाला की ताकद वाढते. जस्त नंतर, तेही थोडं.

तपासणीही बदल. नुसत्या मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियम शरीरातल्यापेक्षा फार लवकर झिजतं. शरीरद्रवासारखं द्रावण घे, ३७ अंश, पीएच ७.४. तुकड्यावर उलटं नरसाळं, त्यावर ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी; धातू झिजताना निघणारा हायड्रोजन तिच्यात साठतो. १ मिली हायड्रोजन म्हणजे जवळपास १ मिलीग्रॅम धातू गेला, एवढा सोपा हिशोब. रोज लिहून ठेव, आलेख काढ. हाड सांधायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर स्क्रूनं दम धरला पाहिजे. कोटिंगचा विचार हा आलेख हातात आल्यावर.

एक राहिलं. वितळवताना आसपास पाण्याची बादली नको. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं तर हायड्रोजनचा भडका उडतो. आपल्याकडच्या फौंड्रीत ओलसर वाळू असतेच, तीही लांब ठेव. भांड्याचा फोटो टाक, मग पुढचं बोलू.