आधी 'कितव्या दिवशी' ते विचार

अगं, तुझं प्रपोजल वाचलं, दोनदा वाचलं. विषय मस्तच घेतलायस, मेंदू कोवळा असताना जे घडतं त्यावर पुढची भूक आणि मेटाबॉलिझम किती अवलंबून असतं हा. पण पहिल्याच पानावर लिहिलंयस की अंगावर पाजणाऱ्या उंदरीला जास्त फॅटचं खाणं दिलं की पिल्लांच्या भुकेच्या सर्किटमध्ये बिघाड होतो, म्हणून बाळंतिणीने काय खावं ते ठरवायला हवं. वाक्याचा पहिला अर्धा भाग ठीक आहे, तो "म्हणून" मात्र काढून टाक.

कारण सांगते. उंदराचं पिल्लू जन्मतं तेच मुळी अर्धवट मेंदू घेऊन. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरा ठिपका म्हणून दिसतं (पिल्लू पितंय का नाही ते आपण त्यावरूनच तर बघतो). मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात भुकेचा कारभार बघणाऱ्या दोन जातीच्या पेशी, "खा" म्हणणाऱ्या एजीआरपी आणि "पुरे" म्हणणाऱ्या पीओएमसी, तेव्हा असतात, पण त्यांचे धागे पुढच्या केंद्रांपर्यंत पोचलेले नसतात, ते पोचतात जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. माकडांमध्ये बघितलं तर हेच काम आईच्या पोटातच, शेवटच्या तिमाहीत सुरू झालेलं असतं आणि माणसाचंही साधारण तसंच असावं असं धरतात. मग उंदरीचं पाजणं म्हणजे बाईचं पाजणं हा हिशोब कसा जुळणार? तुझा प्रयोग खरं तर बाईच्या गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांबद्दल काहीतरी सांगतोय, आणि तेही दुधातून, वारेतून नाही, म्हणजे रस्ताच वेगळा. हे सगळं प्रपोजलमध्ये लिही, लपवू नकोस, परीक्षक तिथेच बोट ठेवणार.

आता लेप्टिन, चरबीच्या पेशींतून रक्तात येणारं हॉर्मोन. 1994 साली जेफ्री फ्रीडमनच्या लॅबने त्याचं जीन शोधलं आणि चरबीतून मेंदूला "साठा आहे, आता कमी खा" असा निरोप जातो हे चित्र पक्कं झालं. मोठ्या उंदरात बरोबर आहे. पण पिल्लाच्या रक्तात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लेप्टिन एकदम वाढतं आणि पिल्लू मात्र पीतच राहतं, भुकेवर काही फरक नाही. मग ते तिथे करतं काय? 2004 मध्ये बूरे, ड्रेपर आणि सिमरली यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की जन्मापासून लेप्टिनच नसलेल्या ओबी उंदरांत हे धागे विरळ असतात, अगदी लहानपणी लेप्टिन टोचलं तर ते वाढतात, मोठेपणी टोचलं तर धागे वाढत नाहीत. म्हणजे भिंतीत वायर टाकणारा आणि पुढे आयुष्यभर बटण दाबणारा माणूस एकच, फक्त वायर टाकायची वेळ ठरलेली. मला विचारशील तर या सगळ्या क्षेत्रात याच्याइतका सुंदर प्रयोग कमी आहे, मूळ पेपर उघडून त्यातले फोटो बघ, रिव्ह्यूवर भागवू नकोस.

पण म्हणून "परमनंट डॅमेज" वगैरे लिहू नकोस हां. त्याच मोठ्या ओबी उंदरांना लेप्टिन दिलं की ते कमी खातात, वजन उतरतं, हे 1995 लाच दिसलंय, धागे विरळ असतानाही. जन्मजात लेप्टिन नसलेल्या मुलांवरही इंजेक्शनचा चांगला परिणाम होतो. वायरिंग कच्चं राहिलं म्हणजे सगळं संपलं असं होत नाही, नक्की किती बिघडतं आणि किती भरून निघतं हाच तर तुझा प्रश्न असायला हवा ना.

माणसातला पुरावा म्हणून तू नेदरलँड्सचा 1944-45 च्या हिवाळ्यातला दुष्काळ घेतलायस, पण "उपासमार झाली की मुलं लठ्ठ" एवढंच लिहिलंस. त्या दुष्काळावरचा 1976 चा पेपर नीट वाच. सैन्यभरतीच्या तपासणीला आलेली 19 वर्षांची तीन लाख मुलं होती, त्यात गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त आणि शेवटच्या तिमाहीत व जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत झालेल्यांत उलट कमी! दुष्काळ तोच, परिणाम उलटे. पहिल्या गटाबद्दल लेखकांनी तेव्हाच हायपोथॅलॅमसकडे बोट दाखवलं होतं, लेप्टिन सापडायच्या 18 वर्षं आधी. तुझ्या अख्ख्या प्रपोजलचा कणा याच्यात आहे आणि तू तो एका ओळीत उरकलास.

आणि एक, "आईच्या चुकीच्या आहारामुळे" हा शब्दप्रयोग तीन ठिकाणी आलाय, तिन्ही ठिकाणी खोड. दुष्काळात त्या बायकांनी चूक काय केली होती?

बाकी कामाचं. पिल्लं बहुतेक रात्रीत होतात, काही लॅब त्या दिवसाला शून्य म्हणतात, काही एक, तू कुठला मोजणार ते मेथड्समध्ये स्पष्ट लिही, दोन-तीन आठवड्यांच्या खिडकीत एक दिवस म्हणजे पुष्कळ झाला. सगळ्या वेतांत पिल्लांची संख्या सारखी कर, कारण मॅकॅन्स आणि विडोसन यांनी साठच्या दशकातच दाखवलंय की आईकडे मोजकीच पिल्लं ठेवली तर ती जास्त दूध पिऊन मोठी होतात आणि नंतर सगळ्यांना हवं तेवढं खायला दिलं तरी तो फरक राहतो, म्हणजे तुझ्या फॅटच्या खाण्याचा परिणाम आणि वेताच्या आकाराचा परिणाम यांची खिचडी होईल. आणि एका वेतातली आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नाहीत, आई एकच आहे, नमुना एकच. तुझ्या टेबलात 48 लिहिलंय ते खरं तर सहाच आहेत, त्यामुळे आकडेमोड पुन्हा कर आणि उंदरांची ऑर्डर द्यायच्या आधी मला पाठव.