पीक की तण?

प्रिय,

तुझा आलेख रात्री साडेअकराला पोचला, सोबत तीन उद्गारचिन्हं. पहिलं झीरो-बायस पीक, म्हणजे शून्य व्होल्टेजवर वाहकतेच्या आलेखात उठलेला सुळका, दिसतं त्या रात्री झोप लागत नाही, म्हणून मुद्दामच सकाळी लिहितोय.

पीक आलंय खरं. पण तण नाही ना, हे आधी बघू. २०१२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटानं इंडियम अँटिमोनाइडच्या तारेला सुपरकंडक्टर जोडून, चुंबकीय क्षेत्र लावून असंच पीक दाखवलं आणि सगळे मायोरानामागे, म्हणजे तारेच्या टोकाशी नेमक्या शून्य ऊर्जेवर बसणाऱ्या त्या विलक्षण अवस्थेमागे, धावले. पण शून्य ऊर्जेवर यायला मायोरानाच लागते असं नाही. तारेच्या टोकाशी नकळत क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन अडकवणारा इवलासा खड्डा) तयार झाला असेल, तर साधी अँड्रिएव्ह अवस्थासुद्धा (सुपरकंडक्टरच्या कडेला अडकलेली साधी इलेक्ट्रॉन-अवस्था) क्षेत्र वाढवताच शून्याकडे सरकते आणि तिथेच चिकटून बसते. अशा एका पिकाच्या प्रेमात मी दोन महिने होतो. गेटचा, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन कमीजास्त करणाऱ्या पट्टीचा, व्होल्टेज जरासा सरकवला आणि ते दुभंगलं.

२०१८चं प्रकरण तुला माहीत असेलच. पिकाची उंची नेमकी सिद्धांतानं सांगितलेल्या मूल्यावर, म्हणजे १२.९ किलोओमशी जुळणाऱ्या वाहकतेवर स्थिरावते, असा डेल्फ्टचाच शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला आणि २०२१मध्ये मागे घेतला गेला. सेर्गेई फ्रोलोव आणि व्हिन्सेंट मुरिक या भौतिकशास्त्रज्ञांनी मूळ मोजमापं मिळवून पाहिली, तर आलेखात न छापलेल्या भागात पीक त्या उंचीच्याही वर जात होतं. मुरिक म्हणजे २०१२च्या निबंधाचाच पहिला लेखक, बरं का! तपासणाऱ्या तज्ज्ञांना बनवाबनवी आढळली नाही. माणसं उत्साहात वाहवली होती. मला हेच जास्त भीतीदायक वाटतं, कारण तसे आपण दोघंही आहोत.

तू फक्त एका टोकाला मोजलंयस. मायोराना जोडीनं येतात, दुसऱ्या टोकालाही त्याच क्षेत्रात, त्याच गेटवर काहीतरी दिसायला हवं. शिवाय टोपोलॉजिकल अवस्थेत, म्हणजे खरी मायोराना जिथे जन्मते त्या अवस्थेत, शिरताना तारेच्या मधल्या भागातला गॅप (इलेक्ट्रॉनांना बंदी असलेला ऊर्जेचा पट्टा) मिटून पुन्हा उघडायला हवा. तो टोकाच्या पिकावरून कळत नाही, त्यासाठी एका टोकाला व्होल्टेज देऊन दुसऱ्या टोकाचा प्रवाह मोजावा लागेल. वेळखाऊ काम आहे, तार अतिथंड ठेवणारा फ्रिज आणखी पंधरा दिवस अडकेल. अडकू दे.

निबंधाचा मथळा तूर्त ठरवू नकोस. आधी ज्या फायलींत काहीच दिसलं नाही, त्या सगळ्या मला पाठव.

तुझा,
सर