घरसंसार सांभाळून सिस्टरांच्या संघाशी जोडून घेताना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लग्न झालंय, मुलं अजून शाळेत आहेत, सिस्टरांच्या एका संघाची प्रार्थना आणि सेवा मनाला ओढ लावते आहे, आणि त्यांनीच तुम्हाला ‘आमच्या असोसिएट (सिस्टर न होता, संसारात राहून संघाशी जोडलेल्या सहकारी) व्हाल का?’ असं विचारलंय. तुमच्या शंका तीन: हे अर्धं नन होणं आहे का, व्रतं घ्यावी लागतात का, आणि घरच्यांवर अन्याय तर होणार नाही ना? मी स्वतः बरीच वर्षं अशा एका संघाची असोसिएट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्धं नन असं काही नसतं. सिस्टर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रतं घेतात आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या व्रतांभोवती उभं राहतं. तुम्ही प्रापंचिकच राहता. तुमचं पाचारण विवाहसंस्कारातलं आहे आणि ते कुठेही कमी दर्जाचं नाही. पावित्र्याचं पाचारण सगळ्यांनाच आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण देऊन सांगितलं. संघाकडून आपण घेतो ते त्यांचं कृपादान, म्हणजे देवाने त्या संघाला दिलेली खास वाट. कुणाला ख्रिस्त रुग्णांमध्ये भेटतो, कुणाला मौनात, कुणाला शिकवण्यात. त्या वाटेने आपण आपल्या घरात आणि कामाच्या जागी चालायचं.

हे आजकालचं खूळ नाही, असं घरच्यांना खुशाल सांगा. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या हयातीतच, तेराव्या शतकात, संसारी माणसं त्यांच्या मार्गाला लागली. सिएनाची संत कॅथरीन डोमिनिकन परिवारातली, पण मठात राहणारी नन नव्हती. तिचं व्रतस्थ आयुष्य सुरू झालं ते घरच्याच खोलीत. १९७० साली तिला ख्रिस्तसभेची आचार्य, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, म्हणून गौरवण्यात आलं. मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते फ्रेडरिक ओझानाम यांचं. १८३३ साली पॅरिसमध्ये काही तरुणांना गरिबांसाठी काहीतरी करायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी त्यांना गरिबांच्या दारात कसं जायचं, तिथे बसून ऐकायचं कसं, हे शिकवलं. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी वाढली. ओझानाम पुढे प्राध्यापक झाले, लग्न केलं, मुलीचे वडील झाले. रोझाली सिस्टरच राहिल्या. दोघांनाही पुढे धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. कुणी कुणाची जागा घेतली नाही.

आता व्रतांचं. इथे प्रकार वेगवेगळे आहेत आणि लोक ते एकत्र करतात. सेक्युलर फ्रान्सिस्कन, सेक्युलर कार्मेलाइट यांसारख्या, संसारी माणसांसाठीच्या जुन्या ‘तिसऱ्या संघां’ना स्वतःचे, रोमने मान्य केलेले नियम आहेत, सेक्युलर फ्रान्सिस्कनांचा सध्याचा नियम पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये मंजूर केला. तिथलं अंतिम वचन आयुष्यभराचं असतं. बेनेडिक्टाइन ऑब्लेट, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमानुसार जगू पाहणारा प्रापंचिक, एका ठरावीक मठाशी जोडला जातो. तुम्हाला विचारलंय ते या दोन्हींहून वेगळ्या प्रकाराबद्दल. असोसिएटची नियमावली तो तो संघच ठरवतो. तिथे साधारणपणे व्रत नसतं, एक वचन असतं आणि बहुतेक ठिकाणी ते ठरावीक मुदतीचं असतं. आधी वर्ष-दोन वर्षं तयारी, एखाद्या सिस्टरची सोबत, संस्थापिकेचं चरित्र आणि लेखन, एकत्र प्रार्थना. मग मिस्साच्या वेळी किंवा चॅपलमध्ये, स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद हातात धरून वचन वाचायचं आणि वहीत सही करायची. आमच्याकडे मुदत संपली की ते आपोआप पुढे चालू राहत नाही. वचन पुन्हा द्यायचं की नाही, याचा विचार करायला तपसाधनेत, म्हणजे प्रार्थनेसाठी काढलेल्या एकांताच्या काळात, वेळ दिला जातो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

घराबद्दल माझं मत ठाम आहे. प्रार्थनेसाठी मूल रडत ठेवलं तर ती त्या संघाची प्रार्थना नव्हेच. सकाळ-संध्याकाळ एखादं स्तोत्र, महिन्याची सभा, वर्षातून एकदा तपसाधना, एवढं झेपलं तरी खूप झालं. त्याहून जास्त मागणारा संघ असेल तर स्पष्ट बोला. ‘सध्या एवढंच जमेल’ हे चांगल्या सिस्टरांना लगेच समजतं.

एका गोष्टीवर मात्र नीट विचार करा, कारण ती सहसा कुणी उघडपणे बोलत नाही. अनेक संघांमध्ये नव्या मुली कमी येताहेत आणि सिस्टर वृद्ध होताहेत. अशा वेळी असोसिएट म्हणजे उद्याच्या सिस्टर किंवा फुकटचे मदतनीस, अशी नकळत अपेक्षा तयार होते. ती दोघांनाही जाचते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये समर्पित जीवनावर लिहिताना अशा सहभागाचं स्वागत केलं, पण संघाच्या अंतर्गत जीवनाची ओळख बिघडू नये, हेही बजावलं. संघाच्या महासभेत मतदान सिस्टरच करतात, मालमत्तेचे निर्णय त्यांचेच, आणि ते तसंच असावं. आपलं देणं वेगळं आहे. आमच्या संघातल्या एक वयोवृद्ध सिस्टर अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांच्या उशीखाली आम्हा सगळ्यांच्या घरच्या माणसांची नावं लिहिलेला कागद असतो, घडी पडून पडून मधोमध फाटलेला. कुणाची परीक्षा, कुणाची शस्त्रक्रिया, सगळं त्यांना ठाऊक असतं. आम्ही त्यांच्याकडे जातो, त्यांना वाचून दाखवतो, बाहेरच्या जगातली दुःखं त्यांच्यापर्यंत नेतो. या देवाणघेवाणीला मी सहवास म्हणते, आणि माझ्या विश्वासाला त्याने आकार दिला आहे.

एखादी सिस्टर आवडते म्हणून संघ निवडू नका. तिची बदली होईल. संस्थापिकेचं लेखन वाचून बघा. ते वाचताना प्रार्थना सुचते का, हे पाहा. पहिल्या भेटीत लेखी नियमावली मागा. सोबत कोण करणार, खर्चाचा वाटा किती, वचन द्यायचं नसेल किंवा मध्येच थांबायचं असेल तर काय, हे विचारा. यजमानांनाही त्या भेटीला घेऊन जा. त्यांच्या मनातले प्रश्न त्यांनीच सिस्टरांना विचारलेले बरे.