जुनी पोर्शे ९११ हलकी करताय?

आधी वजन करा, चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून. १९७३ च्या कॅरेरा आरएसची (९११ चीच वेगवान आवृत्ती) हलकी आवृत्ती ९६० किलोची, आरामदायी टूरिंग १०७५ ची. फरक बराचसा आतल्या साजाचा. म्हणून सुरुवात गाडीच्या फरशीवरच्या, आवाज रोखणाऱ्या डांबरी थरापासून: ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरा, थर कडक झाला की हातोडीने टिचतो. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा.

फायबरचं बॉनेट बसवणार असाल तर ते उचलून धरणारे गॅस स्ट्रट काढाच, नाहीतर ते मुरडतं. बॉनेटच्या कडेच्या फटी रंगाआधी जुळवा. पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडक्यांना भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत, उन्हात त्या प्रसरण पावतात. थिनरने पुसल्या तर तडे ठरलेले. बॅटरी मात्र पुढेच राहू द्या. इंजिन मागे, नाक आधीच हलकं! वजन घटलं की गाडी वर उठते, तेव्हा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) आणि चाकांचं अलाइनमेंट पुन्हा लावून घ्या.