कोटा विकला, म्हणजे समुद्र विकला का?

प्रश्न : मासे संपू नयेत म्हणून बोटींची संख्या किंवा मासेमारीचे दिवस मर्यादित करणे पुरेसे का ठरत नाही? त्याऐवजी खरेदी-विक्री करता येणारा कोटा, म्हणजे एकूण पकडीतील प्रत्येकाचा ठरलेला वाटा, दिला, तर ती समुद्राची विक्रीच नव्हे काय?

उत्तर : कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी 1954 मध्ये या प्रश्नाचे मूळ दाखवून दिले. मासे धरण्याची सर्वांना मोकळीक असेल, तर फायदा दिसतो तोवर नव्या बोटी येत राहतात आणि पकडीचे एकूण मोल खर्चाच्या बरोबरीला आले की मगच ही भर थांबते. तोपर्यंत माशांचा साठा खालावलेला असतो आणि कमाईही उरत नाही. आज सोडलेला लहान मासा पुढे वाढेल हे मच्छीमार जाणतो. परंतु तो आपल्याच जाळ्यात येईल याची हमी नसल्याने सोडून देणे त्याला परवडत नाही. म्हणून दोष त्याच्या लोभापेक्षा नियमांच्या रचनेत शोधावा, असे मला वाटते.

बोटींची संख्या गोठवली, की मालक अधिक ताकदीचे इंजिन आणि मोठे जाळे घेतात. दिवस कमी केले, की त्या थोड्या दिवसांत शर्यत लागते. अलास्कात हॅलिबट माशाचा हंगाम 1990 च्या दशकाच्या आरंभी काही भागांत वर्षाला अवघ्या दोन-तीन दिवसांवर आला होता. वादळ असले तरी बोटी समुद्रात जात, आणि सगळी पकड एकदम आल्याने बराचसा मासा गोठवून विकावा लागे. 1995 मध्ये प्रत्येकाचा कोटा ठरल्यावर हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला आणि ताज्या माशाला चांगला भाव मिळू लागला. एकूण पकडीची मर्यादा आधीही होती; नाहीशी झाली ती शर्यत.

ती एकूण मर्यादा मात्र योग्य हवी. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या बाबतीत साठ्याचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त धरला गेला. 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. शिवाय, निसर्गाला झेपेल तितकी सर्वाधिक पकड करणे आर्थिकदृष्ट्याही सर्वोत्तम नसते. साठा दाट असेल तर तेवढेच मासे कमी इंधनात आणि कमी वेळात मिळतात, त्यामुळे सर्वाधिक नफा त्या सीमेच्या अलीकडेच, कमी बोटींत मिळतो. इंधनावरील अनुदान नेमका हाच हिशेब बिघडवते, कारण तोट्यात गेलेली बोटही त्याच्या आधारावर समुद्रात टिकून राहते.

आता विक्रीविषयी. कोट्याने समुद्राची मालकी मिळत नाही. ठरलेल्या पकडीतील वाटा मिळतो. न्यूझीलंडने 1986 मध्ये बहुतेक कोटे ठरावीक टनांत दिले, त्यामुळे पकड घटवायची तर सरकारला ते परत विकत घ्यावे लागत. 1990 मध्ये कोटा एकूण पकडीच्या प्रमाणात केल्यावर ही अडचण दूर झाली.

तरीही आपली शंका रास्त आहे. आइसलँडमध्ये पूर्वीच्या पकडीच्या आधारावर बोटमालकांना कोटा विनामूल्य मिळाला. पुढे त्यांतील अनेकांनी तो मोठ्या कंपन्यांना विकला. पैसा मालकांकडे गेला, बोटीवरील खलाशांना आणि मासळीवर जगणाऱ्या लहान गावांना त्यातले काही मिळाले नाही. माझ्या मते हा अन्याय टाळता येण्याजोगा होता. एका मालकाकडे किती कोटा असावा याला मर्यादा घालता येते, दरवर्षी शुल्क आकारता येते, किंवा अलास्कात 1992 पासून बेरिंग समुद्राकाठच्या गावांसाठी केले गेले तसा पकडीतील काही हिस्सा वस्त्यांसाठी राखून ठेवता येतो. या अटी वाटपापूर्वीच घालाव्या लागतात. कोटा एकदा बाजारभावाने विकला गेला, की फुकट मिळालेल्याची कमाई घेऊन पहिला धारक बाहेर पडलेला असतो आणि नंतर लावलेले शुल्क, कर्ज काढून कोटा विकत घेणाऱ्या नव्या मच्छीमारावर पडते.